ऑर्डर मिळाली, पुढे काय?

टीईटी, टेट, पवित्र पोर्टल... शिक्षक होण्याच्या वाटेवरचे सगळे अडथळे आपल्याला तोंडपाठ आहेत. शाळेत रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. नवा शिक्षक टिकणार की कंटाळणार, हे नेमकं त्याच वर्षात ठरत असतं.

डीएड-बीएडवाल्यांचा एखादा टेलिग्राम ग्रुप उघडून बघा. 'जागा किती निघणार?' 'कटऑफ कितीवर थांबेल?' 'रोस्टर तपासून झालं का?' 'यादी याच आठवड्यात, पक्की खबर!' दिवसरात्र हेच. मग एकदाची यादी लागते. पेढ्यांच्या आणि फुलांच्या स्टिकर्सचा पाऊस पडतो. ज्यांचं नाव लागलं ते दोन-चार दिवसांत ग्रुप सोडून जातात आणि उरलेले पुढच्या भरतीच्या तारखेवर वाद घालायला मोकळे होतात.

जे गेले त्यांचं पुढे काय झालं? शाळा कशी मिळाली, पहिल्या दिवशी वर्गात काय केलं, राहायला खोली सापडली का, हे सांगायला कुणी परत येत नाही. खरं सांगायचं तर कुणी विचारतही नाही. आपल्यासाठी शिक्षक भरती म्हणजे एक दार आहे. त्या दारातून आत शिरेपर्यंत सगळा जीव टांगणीला. आत काय आहे, ते आत गेल्यावर बघू!

सरकारचंही तेच. कुणाला आत घ्यायचं यावर गेली बारा-पंधरा वर्षं परीक्षा झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे झाले. आत आलेल्या माणसाला पहिलं वर्षभर कोण सांभाळणार, यावर त्याच्या दहावा हिस्साही चर्चा झालेली नाही. माझ्या मते आपल्या शाळांचं मोठं नुकसान इथे होतंय.

आधी दारापर्यंतचा रस्ता मोजू, म्हणजे आत येणारा माणूस किती दमून आलेला असतो ते कळेल. समजा, एक मुलगा २०११ मध्ये डीएड होऊन बाहेर पडला. वय वीस. मे २०१२ मध्ये राज्य सरकारनं अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत नवीन भरतीवर बंदी आणली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातली पहिली टीईटी झाली, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती त्यानं दिली. मग डिसेंबर २०१७ मध्ये पहिली टेट, म्हणजे अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० मार्कांची. तिच्या मार्कांवर पवित्र पोर्टलमधून पहिली निवडयादी लागली ती ऑगस्ट २०१९ मध्ये. तिच्यात नाव आलं असेल तर आपला हिरो २८ वर्षांचा झाला. नाही आलं, तर पुढची टेट थेट २०२३ च्या फेब्रुवारीत आणि तिची यादी २०२४ च्या फेब्रुवारीत. वय ३३! त्या फेरीत दोन लाखांहून जास्त जण परीक्षेला बसले होते, जाहिरात आली २१,६७८ पदांची आणि पहिल्या यादीत शिफारस झाली ११,०८५ जणांची. मध्येच २०२१ मध्ये टीईटीचा घोटाळा बाहेर आला. प्रामाणिकपणे पास झालेल्यांनाही नातेवाईक डोळा मारून विचारायला लागले, 'कितीत झालं?'

या तेरा वर्षांत त्यानं काय केलं असेल? कुणी विनाअनुदानित शाळेत पाच-सात हजारांवर शिकवलं, कुणी क्लास घेतले, कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी शेती सांभाळून रात्री सराव पेपर सोडवले. लग्नं लांबली. अशी माणसं दारातून आत येतात तेव्हा त्यांच्या मनात खूप काही असतं. शिकवायची हौस असते, तसंच 'आता सुटलो एकदाचा' हेही असतं. यातलं कुठलं वाढीला लागेल, ते पुढच्या काही महिन्यांवर असतं.

तर, ऑर्डर मिळते. म्हणजे आधी समुपदेशन होतं. शब्द ऐकून वाटतं, कुणीतरी समोर बसवून समजावून सांगणार. तसं काही नसतं. जिल्हा परिषदेचा हॉल, पडद्यावर रिकाम्या शाळांची यादी. तुमचा नंबर आला की उठायचं आणि समोरच्या यादीतून एक शाळा निवडायची. मागे रांग लागलेली असते, त्यामुळे विचार करायला वेळ नाही. भरती राज्यभरातून असल्यामुळे लातूर-नांदेडची मुलगी रत्नागिरीच्या हॉलमध्ये बसलेली असते. मंडणगड आणि राजापूर यांच्यात अख्खा जिल्हा आडवा पसरलाय, हे तिला कुठून माहीत असणार? ती मोबाइलवर नकाशा उघडते. नकाशा रस्ता दाखवतो, पण त्या रस्त्यावरची शेवटची एसटी किती वाजता सुटते ते दाखवत नाही.

माझ्या ओळखीतली एकजण अशीच कोकणातल्या एका वाडीवर रुजू झाली. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट १७. दुसऱ्या सरांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज. त्यामुळे मीटिंग, ट्रेनिंग, तालुक्याला कागद पोचवणं, यात त्यांचे आठवड्यातले दोन दिवस तरी जायचे. त्या दिवशी ती एकटी आणि चार वर्ग एका खोलीत. डीएडला असताना तिनं सराव पाठ घेतले होते ते कसे? एक इयत्ता, एक घटक, एक तासिका. हातात रंगीत कार्डशीटचं साहित्य, मागच्या बाकावर निरीक्षण करणारे सर. इथे एका कोपऱ्यात पहिलीतलं पोर आयुष्यात पहिल्यांदा पेन्सिल धरतंय आणि दुसऱ्या कोपऱ्यात चौथीची मुलगी भागाकाराला अडलीये. पहिलीकडे वळावं तर चौथीवाले भांडतात, चौथीकडे वळावं तर पहिलीतलं एखादं उठून घरी चालू लागतं. घर समोरच दिसत असतं!

त्यात भाषा. ती 'लेकरांनो' म्हणाली की मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. मुलं आपापसांत बोलायला लागली की हिला निम्मं कळायचं नाही. ही तरी मराठीतलीच गंमत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर किंवा भामरागडच्या शाळेत गेलात तर मुलांची घरची भाषा पावरी, भिली किंवा माडिया असते. तिथे रुजू होणाऱ्या, बाहेरून आलेल्या नव्या शिक्षकाला पहिले काही महिने खुणांवरच काढावे लागतात.

या मुलीला वाट दाखवली ती कुठल्या यंत्रणेनं नव्हे. शेजारच्या वाडीत एक निवृत्त गुरुजी राहायचे. एसटीची वाट बघत उभं असताना बोलणं झालं. त्यांनी तीन साध्या गोष्टी सांगितल्या. दिवसाची सुरुवात सगळ्यांनी मिळून करायची. गोष्ट, गाणं, परिसरातलं काहीतरी. फळ्याचे भाग पाडायचे आणि एका भागावर मोठ्यांसाठी काम आधीच लिहून ठेवायचं. आणि चौथीच्या पोरांना रोज दहा मिनिटं पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायला बसवायचं. मोठ्यांचं वाचन पक्कं होतं आणि लहान गप्प बसतात. यात जगावेगळं काही नाही. एकाच वेळी अनेक वर्ग सांभाळणाऱ्या कुठल्याही मुरलेल्या शिक्षकाला हे येतं. पण तिला हे कळेपर्यंत चार महिने उलटले होते. पहिलीतल्या मुलाच्या आयुष्यातले हे चार महिने म्हणजे अक्षरओळखीचा अर्धा काळ. तो त्याला परत मिळणार नाही. शिवाय त्या चार महिन्यांत तिनं दोनदा घरी फोन करून 'मला नाही जमत' म्हणून रडून घेतलं होतं, ते वेगळंच.

ते गुरुजी तिला एसटीच्या थांब्यावर भेटले, हे नशीब. राज्यातल्या प्रत्येक नव्या शिक्षकाला ते कसं भेटणार?

कागदावर बघाल तर मदतीला माणसांची फौज आहे. आठ-दहा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, त्यांच्यावर विस्तार अधिकारी, जिल्ह्याला डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, शिवाय केंद्रातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद. कल्पना मस्त आहे. पण केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि त्यांचा चार्ज एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे येतो. त्या शिक्षकाचा स्वतःचा वर्गही असतोच. मग शाळाभेट होते ती कशी? पोषण आहाराची नोंदवही दाखवा, तांदळाचा साठा जुळतो का बघू, अमुक तक्ता भरला का, तमुक माहिती अपलोड झाली का. सही, शिक्का, फोटो. नव्या बाईंच्या वर्गात मागे बसून तासभर बघणं आणि नंतर चहा पिता पिता 'तुमचं हे छान होतंय, हे असं करून बघा' असं बोलणं, हे कामच होत नाही. नव्या लोकांसाठी प्रशिक्षणं होतात. पण ती हॉलमध्ये होतात, पडद्यावरच्या स्लाइड्स दाखवून होतात आणि त्या स्लाइडमध्ये घरी निघालेलं पहिलीतलं पोर नसतं.

आणि एक धमाल गोष्ट सांगू? शाळेत नवीन शिक्षक आला की सगळ्यात आधी त्याच्याकडे काय येतं? पासवर्ड! 'सर, तुम्ही तरुण आहात, तुम्हाला कॉम्प्युटर जमतो.' झालं. यू-डायस प्लसची माहिती, सरलवरच्या नोंदी, मुलांच्या आधारची जुळवाजुळव, पोषण आहाराची रोजची नोंद, सगळं त्याच्या मोबाइलवर. ग्रुपवर मेसेज पडतो, 'अतितातडीचे. आज ३ वाजेपर्यंत.' वाडीत रेंज नाही, म्हणून हा दोन वाजता टेकडीवर चढतो. खाली वर्गात मुलं आपापली. ज्याला शिकवायला शिकायचंय त्यालाच आपण ऑपरेटर करून टाकतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. त्या 'निवडणुका' शब्दातून मतदार यादीचं काम बारा महिने येत राहतं. बाकीचं, 'हे शाळेचंच काम आहे' या नावाखाली.

आता पैशांचं बोलू. शिक्षक म्हणून निवड झाली तरी पहिली तीन वर्षं तुम्ही शिक्षक नसता, शिक्षणसेवक असता. ही योजना २००० सालापासून आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला २०२२ संपेपर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळायचे. हायकोर्टानं कान उपटल्यावर जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. तीन वर्षांनी नियमित झालात की प्राथमिकचं नुसतं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं, वर भत्ते. म्हणजे वर्ग तोच, मुलं तीच, काम तेच. मग याच २०२३ च्या जुलैमध्ये सरकारनं रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीनं घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचं मानधन किती ठरलं? २०,०००. ज्यांना पेन्शन आहे त्यांना वीस आणि जो घरदार सोडून चारशे किलोमीटरवर आलाय त्याला सोळा. निवृत्तांवर माझा राग नाही, त्यांच्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण या दोन आकड्यांवरून नव्या माणसाची व्यवस्थेत काय किंमत आहे ते कळतं.

सोळा हजारांत काय होतं? खोलीचं भाडं, डबा किंवा गॅस, जाण्या-येण्याचं पेट्रोल, घरी पाठवायचे चार पैसे, सणाला गावी जायचं ट्रॅव्हल्सचं तिकीट. दिवाळीत तर ते तिकीटच डोळे पांढरे करतं. आणि भाडं द्यायची तयारी असली तरी खोली मिळेलच असं नाही. एकट्या मुलीला खोली द्यायला लहान गावात दहा चौकश्या होतात. मग ती तालुक्याच्या गावी राहते आणि रोज दोन तास प्रवासात घालवते. गावकरी म्हणतात, 'बाई गावात राहत नाहीत.'

'सरकारी नोकरी लागली ना? मग कुरकुर कसली?' हे वाक्य कॉलेजच्या कट्ट्यावर मी कितीदा ऐकलंय. 'प्रोबेशन सगळीकडेच असतं' हे दुसरं. असतं की. पण तलाठी किंवा पोलीस शिपाई म्हणून लागलेल्या मित्राला परिविक्षेच्या काळातही वेतनश्रेणी मिळते. मानधनावर राबवण्याची पद्धत शिक्षणसेवक, कृषिसेवक, ग्रामसेवक अशा मोजक्यांच्याच वाट्याला आलीये. यातला प्रत्येक जण खेड्यात जाऊन काम करणारा आहे, हा योगायोग मला तरी वाटत नाही.

पण या कुरकुरीच्या आक्षेपात एक खरी गोष्टही आहे, ती मान्य करायला हवी. जिल्हा परिषदेचे शिक्षक नोकरी सोडत नाहीत. राजीनामे मोजायला बसलात तर हाताला फारसं काही लागणार नाही. इतकी वर्षं वाट बघून मिळालेली नोकरी कोण सोडेल? म्हणूनच 'शिक्षक टिकवणं' हा प्रश्न आपल्याकडे आहे असं कुणाला वाटतच नाही. मी म्हणतो, टिकणं म्हणजे नुसतं पगारपत्रकावर टिकणं नव्हे. त्या शाळेत टिकणं. आणि त्याहून अवघड म्हणजे मनानं टिकणं. रुजू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून जो बदलीचे जीआर पाठ करतोय, किंवा वर्गात पुस्तकाआड एमपीएससीच्या नोट्स काढतोय, तो शाळेतून कधीच निघून गेलेला असतो. फक्त हजेरीवर सही करतो.

शाळेतून निघून जाण्याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण कोकणातलं. वर्षानुवर्षं बाहेरच्या जिल्ह्यांतले उमेदवार तिथे रुजू होतात, काही वर्षं काढतात आणि आंतरजिल्हा बदलीनं आपापल्या जिल्ह्यात परततात. एकाच वेळी शेकड्यांनी शिक्षक कार्यमुक्त झाले की वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा ओस पडतात. पालक शाळेला कुलूप ठोकतात, ग्रामपंचायती ठराव करतात. स्थानिक डीएडवाले म्हणतात, आम्हाला प्राधान्य द्या, आम्ही कुठे जाणार नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. जाणाऱ्यांनाही पळपुटे म्हणून मोकळं होता येणार नाही. बीडमध्ये म्हातारे आई-वडील एकटे, नवरा संभाजीनगरला, बाळ आजीकडे आणि बाई दापोलीला. तुम्ही काय केलं असतं?

यावर एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो. बदल्याच बंद करा, म्हणजे राहतील. मला हे पटत नाही. माणूस त्यानं जागेवर राहीलही, पण मन लावून शिकवायला लागेल याची काय खात्री? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही सारख्या बदल्या थांबवा असं म्हटलंय, पण त्याच्याच शेजारी ग्रामीण भागातल्या शिक्षकांना शाळेजवळ घर द्या किंवा घरभाडं वाढवून द्या, असंही लिहिलंय. आपण त्यातलं फक्त पहिलं वाक्य वाचतो. त्याच धोरणात नव्या-जुन्या शिक्षकांना अनुभवी शिक्षकांचं मार्गदर्शन मिळावं म्हणून राष्ट्रीय मिशनची कल्पना आहे. त्या मार्गदर्शनाची वाडीवरच्या शाळेत कुणी वाट बघत असेल, तर ती अजून एसटीच्या थांब्यावरच बघावी लागते.

खासगी शाळांचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही विद्यार्थी म्हणून बघितलेलं आहे. एका वर्षात गणिताचे तीन सर बदलले, हे कुणाच्या शाळेत झालं नाही? तिथे राजीनामेच राजीनामे असतात. सही एका आकड्यावर, हातात त्याच्या निम्मे. मूळ सर्टिफिकेटं संस्थेच्या कपाटात, म्हणजे मधेच सोडून जाता येऊ नये. अनुदानित शाळेत लागलात तरी शालार्थ आयडी मिळेपर्यंत पगार नाही आणि तो आयडी कधी मिळेल ते फाइलवर अवलंबून. विनाअनुदानित आणि टप्पा अनुदानावरच्या शाळांमधले शिक्षक तर वीस टक्के, चाळीस टक्के करत म्हातारे व्हायला आले. २०२५ च्या जुलैमध्ये ते पावसात आझाद मैदानावर बसले होते, आठवत असेल.

बाहेर काय करतात? इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षं शिकाऊ म्हणून धरतात. पण पगार शिक्षकाचाच. पहिल्या वर्षी त्याचे तास इतरांपेक्षा दहा टक्के कमी असतात, दुसऱ्या वर्षी पाच टक्के. तो वेळ शिकायला. आणि शाळेतलाच एक अनुभवी शिक्षक त्याला नेमून दिलेला असतो. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, शिक्षक सोडून जाण्याची ओरड तिथेही आहेच. पण निदान एक गोष्ट त्यांनी नियमात लिहिलीये, नवा माणूस पहिल्या दिवशी पूर्ण तयार नसतो. आपण मात्र सगळ्यात अवघड शाळा सगळ्यात नव्या माणसाला देतो. कारण साधं आहे, ज्येष्ठांनी सोयीच्या जागा आधीच घेतलेल्या असतात आणि रिकाम्या उरतात त्या डोंगरावरच्या.

'इतके मार्गदर्शक आणायचे कुठून, पैसा कुठून आणायचा?' हा प्रश्न येणारच. इथे मला ते निवृत्त शिक्षक आठवतात. वीस हजार देऊन आपण त्यांना पुन्हा वर्ग सांभाळायला उभं करायला तयार होतो. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला रोज पाच तास पहिलीपुढे उभं करण्यापेक्षा त्याच्याकडे दहा नव्या शिक्षकांच्या शाळा द्या ना. आठवड्याला दोन शाळा. तपासणी नाही, नोंदवही नाही, अहवाल नाही. मागे बसायचं, बघायचं, मग बोलायचं. ज्यांना फळ्याचे भाग कसे पाडायचे ते माहितीये ती माणसं प्रत्येक तालुक्यात घरी बसून आहेत. सगळे निवृत्त शिक्षक या कामाचे असतील असं नाही, काहींनी स्वतःच कधी मन लावून शिकवलेलं नसतं. निवडून घ्यावे लागतील. पण गणित जमण्यासारखं आहे.

बाकी मागण्या पैशांच्या कमी आणि इच्छेच्या जास्त आहेत. पहिलं वर्षभर नव्या शिक्षकाकडे एकही पासवर्ड द्यायचा नाही, मतदार यादीचं काम द्यायचं नाही. पहिली नेमणूक शक्यतो अशा शाळेत की जिथे दुसरा शिक्षक खरोखर रोज हजर असतो. मानधनाची तीन वर्षं एकदम रद्द करता येत नसतील तर डोंगरी भागात जाणाऱ्याला निदान खोलीचं भाडं तरी द्या.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी जे पुढच्या टेटला बसणार आहेत त्यांना एक सांगतो. धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत शिक्षक व्हायला चार वर्षांची एकत्रित बीएड पदवी ही किमान अट होणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली. म्हणजे दारावरची चाळणी आणखी बारीक होत जाणार. ठीक आहे, होऊ दे. पण ग्रुपवर 'जागा किती?' याच्या जोडीला दुसरेही प्रश्न विचारायला लागा. निवडून गेलेल्यांना ग्रुपवरून जाऊ देऊ नका, त्यांच्याकडून शाळांची माहिती काढा, जिल्हावार लिहून ठेवा. संघटनांचे नेते मागण्यांचं निवेदन द्यायला निघाले की त्यात पहिल्या वर्षाचा मुद्दा घालायला लावा.

समुपदेशनाच्या त्या पडद्यापासून सुरुवात करता येईल. आज त्यावर तालुका, शाळेचं नाव आणि रिकामी पदं दिसतात. तिथे आणखी चार रकाने मागा. वर्ग किती आणि प्रत्यक्ष हजर शिक्षक किती. राहण्याची सोय कुठे. शेवटची एसटी किती वाजता. आणि पहिल्या वर्षी अडलं तर फोन कुणाला करायचा, त्या माणसाचं नाव आणि नंबर.